विलो-भनीय संगम

काश्मीरहून लोक केशर आणतात, शाली आणतात, अक्रोड आणतात. आम्ही बॅट्स आणल्या! श्रीनगर-अनंतनाग हायवेवरच्या एका भन्नाट बॅटगावाची ही सैर. आणि हो, आपल्या खेळाला साजेशी बॅट निवडायची कशी, त्याचा फंडाही.

काश्मीरहून येताना काय आणायचं, याची प्रत्येक मराठी घरात एक ठरलेली यादी असते. आईसाठी केशर, मावशीसाठी शाल, शेजारच्या काकूंसाठी अक्रोड आणि ऑफिसात वाटायला शिकाऱ्याचे फ्रीज मॅग्नेट. माझ्या यादीत या सगळ्यांच्या वर एक ओळ होती. बॅट्स, नग तीन, लेदर बॉलच्या. बजेट तेरा हजार दोनशे रुपये फक्त.

हा आकडा आकाशातून पडलेला नाही. आमच्या ऑफिसच्या लेडीज टीममध्ये आम्ही अकराजणी. तीन वर्षं टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळलो, रबरी बॉलला धोपटून काढलं, दोन ट्रॉफ्या आणून एचआरच्या कपाटावर ठेवल्या. मग कुणाच्या तरी डोक्यात किडा वळवळला, की जानेवारीत लेदर बॉलची टूर्नामेंट खेळायची. झालं! प्रत्येकीने बाराशे काढले. पॅड्स आणि ग्लोव्हज उसने मिळणार होते, पण बॅट्स आपल्याच हव्यात असं ठरलं. बाजारात चौकशी केली तर इंग्लिश विलोची एक बरी बॅट घेण्यातच आमची अख्खी कॉन्ट्री संपत होती. तेवढ्यात आमच्या कीपरने फर्मान काढलं, 'तू नवऱ्याबरोबर काश्मीरला जातेच आहेस ना? मग विलोच्या माहेरूनच घेऊन ये की!'

ऐकायला सोपं वाटतं. पण अकराजणींचे पैसे पर्समध्ये घेऊन फिरताना छातीत जरा धडधडतंच. त्यात बॅट ही काही टी-शर्टसारखी 'मीडियम' सांगून उचलायची गोष्ट नाही. आमची बावीस वर्षांची ओपनर अंगाने चिमुरडी. नेट्समध्ये ती भावाची बॅट घेऊन उतरायची आणि प्रत्येक बॉलला उशीर करायची. एकदा बॉल सरळ तिच्या अंगठ्यावर बसला. बॉक्स क्रिकेटमध्ये उशीर झाला तर फार तर आउट होतो. लेदर बॉलला उशीर झाला तर एक्स-रे काढावा लागतो, बॉस!

हायवेवरचं बॅटगाव

२०२५ च्या ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. सासूबाईंचा या ट्रिपला साफ विरोध होता आणि त्यांचं चुकत होतं असंही नाही. एप्रिलमध्ये पहलगामला हल्ला झाला, त्यात गेलेल्यांमध्ये आपल्या डोंबिवलीचे, पनवेलचे, पुण्याचे लोक होते. तिकिटं दोनदा कॅन्सल करता करता राहिली. शेवटी गेलोच.

श्रीनगरहून सकाळी निघालो. पंथा चौक सोडला की थोड्याच वेळात पांपोर येतं. रस्त्याच्या कडेला केशराची शेतं, त्यात जांभळी फुलं आणि फुलं वेचायला वाकलेली अख्खी कुटुंबं. मोबाइलची बॅटरी इथेच निम्मी संपते. पुढे अवंतीपुरा. नवव्या शतकातल्या राजा अवंतीवर्म्याच्या देवळांचे अवशेष हायवेला लागूनच आहेत, तिथे अर्धा तास द्याच. आणि मग हळूहळू रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एक अजब दृश्य दिसायला लागतं. लाकडाचे मनोरे! हातभर लांबीचे पांढरट ठोकळे एकावर एक, मध्ये फट ठेवून, जाळीसारखे रचलेले. काही माझ्या उंचीचे, काही दुमजली घराएवढे. नवऱ्याला वाटलं जळाऊ लाकूड असेल. ड्रायव्हर हसला. म्हणाला, 'सर, यह सब बल्ला है. अभी बना नहीं है, बस.'

चारसू, हलमुल्ला, संगम, सेठर... अवंतीपुऱ्यापासून बिजबेहाऱ्यापर्यंत ही गावं ओळीने लागतात आणि सगळ्यांचा धंदा एकच. रस्त्यालगत दुकान, दुकानाच्या मागे कारखाना, कारखान्याच्या मागे लाकडाचे मनोरे आणि त्याच्याही मागे झेलम. दुकानांत बॅट्स अशा टांगलेल्या, जशी आपल्याकडे वेफर्सची पाकिटं टांगतात. संगम हे नावही नदीवरूनच आलंय. विशव आणि रंबिआरा या नद्या इथे झेलमला येऊन मिळतात. जिथे पाणी तिथे विलो, आणि जिथे विलो तिथे बॅट.

हे झाड मूळचं इथलं नाही. क्रिकेट बॅटला लागणारा विलो इंग्रजांच्या काळात काश्मीरमध्ये आला आणि नदीकाठच्या ओलसर जमिनीत खूश होऊन राहिला. काश्मिरीत विलोला 'वीर' म्हणतात. नाव एकदम फिट आहे ना? आपल्याकडेही विलोची एक चुलत बहीण आहे बरं का. सह्याद्रीतल्या ओढ्याकाठी, नदीकाठी दिसतो तो वाळुंज त्याच कुळातला. मात्र त्याच्या बॅट्स होत नाहीत.

क्रिकेटच्या देवानेही या रस्त्यावर हजेरी लावलीय. फेब्रुवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर अंजली आणि साराबरोबर काश्मीरला आला, तेव्हा तो चारसूच्या एका बॅट कारखान्यात शिरला होता. बॅट्स हातात घेऊन, ठोकून, आवाज ऐकून त्याने पारख केली. त्याची पहिली बॅट त्याच्या बहिणीने दिलेली आणि ती काश्मीर विलोचीच होती, हेही त्याने तेव्हा सांगितलं. मी लगेच टीमच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'आपण योग्य रस्त्यावर आहोत!'

'मुंबई? मुंबई को तो हमने हराया है!'

आम्ही संगमच्या जरा अलीकडे एका कारखान्यात शिरलो. मालक साठीचे, पांढरी दाढी, फेरनवर लाकडाचा भुसा. मी त्यांना चाचा म्हणायला लागले आणि त्यांनी मला बेटा. मुंबईहून आलोय म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत चमक आली. 'मुंबई? मुंबई को तो हमने हराया है!'

बरोबरच होतं त्यांचं. जानेवारी २०२५ ची ती रणजी मॅच आठवतेय? बीकेसीच्या मैदानात आपली मुंबई, टीममध्ये रोहित शर्मा, रहाणे, जयस्वाल. आणि जम्मू-काश्मीरने पाच विकेट राखून मॅच मारली. पुलवामाच्या उमर नझीरने रोहित आणि रहाणे दोघांनाही घरी पाठवलं होतं. चाचांना ती मॅच ओव्हरगणिक पाठ होती. त्याच्याही आधीचा अभिमान म्हणजे परवेझ रसूल. इथून चार पावलांवरच्या बिजबेहाऱ्याचा. २०१४ मध्ये तो भारताकडून वनडे खेळला, तेव्हा काश्मीर खोऱ्यातून टीम इंडियापर्यंत पोहोचलेला तो पहिला खेळाडू ठरला होता.

मुंबईच्या पराभवावर नून चहा प्यायलो (गुलाबी, खारट, सवय व्हायला दोन कप लागतात) आणि मग चाचांनी कारखाना दाखवला.

विलोचं खोड आधी बॅटच्या लांबीचे ओंडके करून कापतात. मग ते उभे फाडून त्याचे क्लेफ्ट काढतात. क्लेफ्ट म्हणजे जाडजूड पाचरीसारखा ठोकळा, ज्यातून एक बॅट निघते. ताजा क्लेफ्ट हातात घेतला तर दगडासारखा जड लागतो, कारण आत पाणीच पाणी. म्हणून ते मनोरे! उन्हावाऱ्यात ते लाकूड महिनोन्‌महिने वाळतं. 'जल्दी सुखाओगे तो फटेगा, गीला रखोगे तो बल्ला भारी रहेगा,' चाचा म्हणाले. बॅटचं अर्धं नशीब त्या मनोऱ्यात ठरतं.

वाळलेला क्लेफ्ट रंधून त्याला ढोबळ आकार देतात. मग प्रेसिंग. जड रोलरखालून लाकूड दाबून काढतात, त्यामुळे पुढचा पृष्ठभाग घट्ट होतो. कमी दाबलं तर बॉलचे खड्डे पडतात, जास्त दाबलं तर बॅट मरते, बॉल उडतच नाही. मग बॅटच्या खांद्यात इंग्रजी व्ही आकाराची खाच कापून त्यात वेताचा दांडा बसवतात. दांड्याच्या आत रबराच्या पट्ट्या असतात, हाताला झिणझिण्या येऊ नयेत म्हणून. शेवटी कारागीर दोन हातांनी ओढायच्या पात्याने पाठीचं लाकूड तासत जातो. इथे मशीन नाही. तो तासतो, बॅट उचलून झुलवतो, परत तासतो. बॅटचं 'पोट' कुठे ठेवायचं ते तो त्याच वेळी ठरवतो. आणि पोट जिथे, स्ट्रोक तिथे.

आधी सांगा, तुम्ही खेळता कशा?

मी म्हटलं, 'चाचा, तीन अच्छे बल्ले दिखाइये.' त्यांनी एकही बॅट खाली काढली नाही. उलट मलाच प्रश्न. कोण खेळणार? उंची किती? फ्रंट फूटवर जास्त की बॅक फूटवर? विकेट मातीची की मॅटिंगची? तिला धावा कुठे मिळतात, कव्हरला की मिडविकेटला?

सॉलिड क्लास झाला तो! त्या तासाभरात मला जे कळलं ते असं.

बॅटच्या पाठीचं पोट, म्हणजेच स्वीट स्पॉट, तीन जागी असू शकतो. खाली, मध्ये किंवा वर. जिथे बॉल खाली राहतो तिथे खालचं पोट. फ्रंट फूटवर पुढे येऊन ड्राइव्ह करणाऱ्यांची ही बॅट. आपल्या मुंबईची कांगा लीगच घ्या. १९४८ पासून ही लीग भर पावसाळ्यात खेळली जाते. तिथल्या ओल्या विकेटवर बॉल घोट्याच्या वर यायला तयार नसतो, तिथे वर पोट असलेली बॅट काय कामाची? उलट जे कट आणि पुल मारून जगतात, आणि ज्यांच्या विकेटवर बॉल कमरेपर्यंत उसळतो, त्यांनी वरचं पोट घ्यावं. आणि ज्यांना स्वतःबद्दल खात्री नाही, किंवा जे कुठेही कुणाशीही खेळतात, त्यांनी मधलं. आमची टूर्नामेंट सिमेंटवर अंथरलेल्या मॅटिंगवर होती. म्हणजे बॉल उसळणार. म्हणजे खालच्या पोटाच्या बॅट्स यादीतून बाद.

मग वजन. दुकानात काट्यावर मोजतात, ग्रॅममध्ये. मोठ्या माणसाची बॅट साधारण ११०० ते १२५० ग्रॅमची. पण चाचांनी माझ्या हातात सारख्याच वजनाच्या दोन बॅट्स दिल्या, आणि मला शपथ आहे, एक पिसासारखी लागली आणि दुसरी मुसळासारखी! यालाच पिकअप म्हणतात. वजन किती, यापेक्षा ते बॅटमध्ये कुठे बसलंय याला महत्त्व. खाली बसलं तर बॅट जड भासते, वर सरकलं तर हलकी. त्यांची टेस्ट एकदम सोपी. फक्त वरच्या हातात, म्हणजे उजवं खेळणारीने डाव्या हातात बॅट धरायची, समोर आडवी उचलायची आणि सावकाश दहा आकडे मोजायचे. सातलाच मनगट थरथरलं तर ती बॅट तुमची नाही, मग तिच्यावर कुणाचाही स्टिकर असो.

'लेकिन सचिन का बल्ला तो कितना भारी था!' नवऱ्याने मध्येच बाउन्सर टाकला. खरंय, सचिनची बॅट तीन पौंडांच्या वरची असायची. चाचा शांतपणे म्हणाले, 'सचिन का हाथ भी साथ में ले जाओ.'

टायमिंगवर खेळणाऱ्यांनी हलकी बॅट घ्यावी, ताकदीवर खेळणाऱ्यांनी जरा जड. एवढं हे सरळ आहे. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात, ३० ऑक्टोबरला, श्रीनगरच्या हॉटेलात आम्ही वर्ल्ड कपची सेमीफायनल बघितली. नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा पाठलाग करताना आपल्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ काढल्या, आणि त्यात सिक्स एकही नाही! चौदा चौके आणि बाकी पळून. हॉटेलचा अख्खा स्टाफ टीव्हीसमोर. मी मनातल्या मनात आमच्या चिमुरड्या ओपनरची बॅट तेव्हाच फायनल करून टाकली.

राहिला साइझ. मुलींच्या बाबतीत इथे दोन टोकं होतात. काही दुकानदार आपल्याला बघून सरळ लहान मुलांची बॅट पुढे करतात. आणि घरातला भाऊ किंवा नवरा म्हणतो, 'माझीच वापर की, फुल साइझ आहे.' दोन्ही नको. पाच फूट दोन इंच ते साधारण पाच-सहा उंचीच्या खेळाडूसाठी हॅरो नावाचा साइझ असतो, फुल साइझपेक्षा किंचित आखूड आणि अरुंद. त्याहून उंच असाल तर शॉर्ट हँडल, म्हणजे ज्याला आपण फुल साइझ म्हणतो तो. आमच्यातल्या सातजणी हॅरोच्या निघाल्या. आजवर हे कुणी सांगितलंच नव्हतं.

काश्मिरी की इंग्लिश?

आता मुद्द्याचं. काश्मीर विलो इंग्लिश विलोपेक्षा कमी दर्जाचा का? चाचांच्या दुकानात बसून हा प्रश्न विचारायला हिंमत लागते. पण त्यांनी उत्तर सरळ दिलं. काश्मिरी लाकूड जास्त घट्ट आणि जरा जड. रंग किंचित तपकिरी, रेषा कमी. इंग्लिश विलो पांढरट, मऊ आणि हलका, त्यावर सरळ बारीक रेषा. मऊ लाकडावरून बॉल जोरात सुटतो, म्हणून मोठ्या क्रिकेटमध्ये इंग्लिशच चालतो. पण मऊ लाकूड लवकर चिरतंही. काश्मिरी बॅट मार खात राहते. ऑफिस टीममध्ये एक बॅट चारजणी वापरणार, यॉर्कर टोवर घेणार, रागाने जमिनीवर आपटणार... तिथे काश्मिरीच बरी.

आणि काश्मिरी म्हणजे फक्त गल्ली क्रिकेट, हेही आता खरं राहिलेलं नाही. २०२१ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये ओमानचे खेळाडू संगमजवळ बनलेल्या काश्मीर विलोच्या बॅट्स घेऊन खेळले. त्या बॅट्स इथल्याच जीआर एट कंपनीच्या होत्या. या रस्त्यावर कुठल्याही दुकानात शिरा, ही गोष्ट तुम्हाला ऐकवलीच जाईल. ऐकवायलाच हवी. कारण वर्षानुवर्षं इथले क्लेफ्ट मेरठला आणि जालंधरला जायचे, तिथे त्यांची बॅट व्हायची, दुसऱ्याचं नाव लागायचं आणि संगमचं नाव कुठेच नसायचं.

रेषांचं, म्हणजे ग्रेन्सचं एक गणित आहे. जास्त आणि जवळजवळ रेषा असलेली बॅट लवकर खुलते, पण आयुष्य कमी. कमी रेषांची बॅट खुलायला वेळ घेते, पण टिकते. रेषा किती यापेक्षा त्या वरपासून खालपर्यंत सरळ आहेत का, ते बघा.

एका गोष्टीत मात्र डोळे उघडे ठेवा. याच रस्त्यावर आधीच्या एका दुकानात मला 'ओरिजनल इंग्लिश विलो' चार हजारांत देऊ केली होती. पांढरीशुभ्र, वर नावाजलेल्या ब्रँडचे चकाचक स्टिकर. इतक्या स्वस्तात इंग्लिश विलो मिळत नाही, एवढं तर मुंबईतच कळलं होतं. दांड्याजवळच्या सांध्यात बघितलं, तिथे आतलं लाकूड तपकिरी! वरून ब्लीच केलेली काश्मिरी बॅट होती ती. मी 'शुक्रिया' म्हटलं आणि बाहेर पडले. काश्मिरी बॅट काश्मिरी म्हणून घेण्यात काहीच कमीपणा नाही. काश्मिरीला इंग्लिशचे पैसे देण्यात आहे.

तीन बॅट्स, अकरा खेळाडू

शेवटी काय घेतलं? पहिली बॅट हॅरो साइझची, १०६० ग्रॅम, पोट मध्यापेक्षा किंचित वर, दांडा पातळ. आमच्या ओपनरसाठी आणि तिच्याच चणीच्या आणखी तिघींसाठी. दुसरीही हॅरोच, ११२० ग्रॅम, पोट बरोबर मध्ये. ही ऑल पर्पज. जिला काही सुचत नाही तिने ही उचलायची. तिसरी शॉर्ट हँडल, ११९० ग्रॅम, जाड कडा. ही आमच्या अकाउंट्सवालीची. ती फुटवर्क वगैरे भानगडीत पडत नाही. उभी राहते आणि मिडविकेटवरून भिरकावते. तिला टायमिंग शिकवायला गेलो तर टीम हरेल.

प्रत्येक बॅट चाचांनी लाकडाच्या मोगरीने ठोकून ऐकवली. चांगल्या बॅटचा आवाज मोकळा, टणत्कारासारखा येतो आणि मोगरी परत हातात उसळते. मठ्ठ आवाज आला की ती बॅट बाजूला. अशा सहा बाजूला झाल्या. तासभर हे चाललं. घासाघीस फार केली नाही. तीन बॅट्स, ग्रिप्स आणि कव्हरसकट दहा हजार चारशेला पडल्या. उरलेल्या पैशांत एक मोगरी, दोन लेदर बॉल आणि किटबॅग. ग्रुपवर हिशेब टाकला. आमच्या अकाउंट्सवालीचा 'टॅलीड' असा रिप्लाय आला, तेव्हा कुठे छातीतली धडधड थांबली.

झाडं आहेत कुठे?

निघताना मी चाचांना सहज विचारलं, पुढच्या वर्षी आणखी बॅट्स हव्या असतील तर? ते मागच्या मनोऱ्यांकडे बघत राहिले. म्हणाले, पूर्वी इथे लाकूड ठेवायला जागा नसायची. आता जागा आहे, लाकूड नाही.

गोष्ट अशी, की विलोचं झाड बॅटजोगं व्हायला वर्षानुवर्षं लागतात. त्याच जमिनीत पॉपलर लावला तर तो लवकर वाढतो, सफरचंदांच्या पेट्यांना आणि प्लायवूडला लगेच विकला जातो. शेतकऱ्याने काय लावावं? ज्या ओलसर जमिनींवर विलो वाढायचा त्याही आटत चालल्यात, कुठे घरं झाली, कुठे बागा. वुलर सरोवरात तर विलोमुळे गाळ साचतो म्हणून सरोवर वाचवण्यासाठी विलोच तोडावा लागला. जुनी झाडं कापली गेली आणि त्या प्रमाणात नवी लागली नाहीत. प्रत्येक बॅटमागे एक रोप लावायला हवं, हे या पट्ट्यातला प्रत्येक जण बोलतो. रोप मोठं होईपर्यंत धंदा कसा तगवायचा, यावर मात्र कुणी बोलत नाही.

आणि दुसरी चिंता गिऱ्हाइकाची. ही दुकानं हायवेवर आहेत ती काही उगाच नाही. पहलगामला जाणाऱ्या टुरिस्ट गाड्या इथूनच जातात, थांबतात, पोरं हट्ट करतात, बॅट विकली जाते. एप्रिलनंतर गाड्याच कमी झाल्या. आम्ही होतो त्या दोन तासांत दुकानात आमच्याशिवाय एकच कुटुंब आलं, गुजरातचं. चाचांचा मुलगा आता ऑनलाइन ऑर्डर्स बघतो. चाचांना ते पटत नाही. 'बल्ला हाथ में लिए बिना कोई कैसे खरीदेगा, बेटा?'

त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. फोटोत पिकअप दिसत नाही. फोटोत आवाज ऐकू येत नाही. आणि कुठलीही वेबसाइट मला उलटं विचारणार नाही, की तुमच्या टीममधली ती मुलगी धावा काढते कुठे?

मुंबईला आल्यावर पंधरा दिवस आमच्या बिल्डिंगच्या टेरेसवर रोज रात्री टक-टक चालू होतं. नॉकिंग! पाळीपाळीने एकेक जण यायची, मोगरीने बॅट ठोकायची, ऑफिसच्या गॉसिपवर हात साफ करायची. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी सोसायटीत तक्रार करायची धमकी दिली. मग एक दिवस स्वतःच वर आले, कड कशी ठोकायची ते दाखवून गेले. ऐन तारुण्यात शिवाजी पार्कवर खेळायचे म्हणे. नेट्समध्ये ओपनरने पहिला कट मारला, बॉल पॉइंटच्या जाळीत जाऊन अडकला आणि तिने हातातल्या बॅटकडे असं बघितलं, जसं आपण पहिल्या पगाराच्या स्लिपकडे बघतो.

बॅटगावला जाताय? हे वाचा

कसं जाल : श्रीनगरहून संगम साधारण चाळीस किलोमीटर. टॅक्सीने पहलगामला जाताना वाटेतच लागतं, ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा. रेल्वेने जायचं तर श्रीनगरहून अनंतनागच्या बाजूला जाणारी लोकल घ्या आणि बिजबेहाऱ्याला उतरा. वाटेत पांपोर, अवंतीपुरा ही स्टेशनं लागतात.

कधी : ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबरची सुरुवात. केशर फुललेलं, चिनार लाल आणि सफरचंदांचे ट्रक पुढे-मागे.

बॅट कशी बघाल : वरच्या हातात धरून दहा आकडे मोजा. मोगरीने ठोकून आवाज ऐका. रेषा सरळ आहेत का बघा. दांड्याच्या सांध्यात फट किंवा चीर नाही ना, ते तपासा. स्टिकर सगळ्यात शेवटी बघा.

नियमात बसते का : बॅटची रुंदी १०८ मिलिमीटर, पोटाची जाडी ६७ आणि कडा ४० मिलिमीटरच्या आत हवी. जाडी आणि कडांची मर्यादा ऑक्टोबर २०१७ पासून आहे. पट्टी जवळ ठेवा.

आणाल कशी : विमानात बॅट हातातल्या सामानात चालत नाही. चेक-इन करा. टोकाला आणि दांड्याला स्वेटर गुंडाळा, नाहीतरी ते मुंबईत लागत नाहीत.

आणल्यावर : कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात पुढच्या बाजूला आणि कडांना द्या, दांड्याच्या सांध्याला नाही. बॅट आडवी ठेवून सुकू द्या. मग पाच-सहा तास नॉकिंग, रोज थोडं थोडं. त्यानंतर जुन्या बॉलवर कॅचेस, मग नेट्स, मग मॅच. घाईत मॅचला नेलीत तर पहिल्याच यॉर्करला टो फुटेल. गाडीच्या डिकीत तापत ठेवू नका, बाथरूमच्या दाराशी भिजत ठेवू नका.

आणि महत्त्वाचं : दुकानात शिरण्याआधी स्वतःच्या शेवटच्या दहा इनिंग्ज आठवा. धावा कुठे झाल्या आणि आउट कशा झालात. चाचा तेच विचारणार आहेत.